धोंडीपेक्षा एकतीस

काट्याच्या पेटीवरची ती बारीक लाल रेघ, उणे चिन्ह, तांदळाच्या कणीएवढी... आणि हर्षित सात किलोंनी उतरला. संपलं, गोष्ट एवढीच. छे, असं काही झालेलंच नाही, सात किलो कोण म्हणालं, कुणीच नाही. रविवारची सकाळ आहे, सापगावातली भातगिरणी आहे, पट्टा अजून सुरू व्हायचाय, आणि रिकाम्या काट्यावर एक लाल रेघ पेटलेली आहे जिच्याकडे गिरणीत कुणी बघत नाही, कारण काटा रिकामा असला की ती असतेच.

असते ती धोंडीमुळे. गिरणीची जमीन एका अंगाला उतरती, काट्यावर पोतं एकटं ठेवलं की लवंडतं. म्हणून हर्षितच्या वडिलांनी, जगदीशशेठनी, फार पूर्वी एक पद्धत बसवली. सकाळी धोंडीनं नुसतं काट्यावर उभं राहायचं आणि हर्षितनं शून्याचं बटण दाबायचं, की काट्याच्या लेखी धोंडी नाहीसा. मग दिवसभर धोंडी पोतं पाठीवर घेऊन काट्यावर चढतो आणि आकडा येतो तो नुसत्या भाताचा. तो खाली उतरला की काटा त्याला उण्यात दाखवतो. उणे पंचेचाळीस. भात घेऊन येणारे म्हणायचे, धोंडी, तू उतरलास की गिरणी तोट्यात जाते बघ. धोंडी हसायचा. तो वाडीवरचा, दिवाळीनंतर दर वर्षी बायकोला घेऊन वीटभट्टीवर जाणारा. यंदा हर्षितच्या आईनंच त्याला गिरणीत ठेवून घेतला.

धोंडी उतरल्यावर हर्षित चढायचा. येणारा आकडा म्हणजे आपण धोंडीपेक्षा किती जास्त, हे त्याला कळत नव्हतं असं नाही, बटण त्याच्याच बोटाखाली होतं. पण त्यात त्याला एक सोय दिसली होती: धोंडी चालतो, बोलतो, पोती उचलतो, म्हणजे माणूस असायला धोंडीएवढं वजन पुरतं, वर उरेल ते चरबी, आळस आणि आईचा भात. दिवाळीत हे उरलेलं अडतीस होतं. आज एकतीस. त्यानं ताबडतोब मुरबाडला मेसेज टाकला, सात किलो उतरलो, आणि मोबाइल पालथा ठेवला, उत्तराची वाट बघत नसलेल्या माणसासारखा.

मुरबाडला कुणाली. साखरपुड्याच्या दिवशी हॉलमध्ये दोघांना पहिल्यांदा चार माणसांपासून जरा लांब बसवलं, समोर पेढ्यांचं ताट, शेरवानीचं शेवटचं बटण श्वास रोखून धरलेलं... तिनं ताटाकडे बघत आयुष्यातलं पहिलं खाजगी वाक्य त्याच्याशी बोललं:

"तुमचे ते मितेशदादा रोज जिमला जातात काय हो?"

हो म्हणाला तो. दुसरं काय म्हणणार. पण ते वाक्य त्या दिवसापासून त्याच्या पोटात बसलं होतं, आणि पोटात जागा तर भरपूर. मितेश त्याचा चुलतभाऊ, कल्याणला कंपनीत, परतीच्या वाटेवर आसनगावच्या जिममध्ये. त्याच्या टी-शर्टच्या बाह्या दंडांना अशा लगडून असतात जशी हळदीच्या रात्री माणसं बेंजोवाल्याला. लहानपणी दोघांना एकाच ताग्यातले शर्ट शिवायचे आणि आजी म्हणायची, हर्षितला थोडं कापड जास्त लागतं, गुणी आहे. तेव्हा कापड जास्त लागणं हा गुण होता. मग कधी बदललं हे... कुणी सांगितलं नाही मला, सगळ्यांना सांगितलं आणि मलाच नाही.

म्हणून त्यानं भात सोडला. गिरणीवाल्याच्या मुलानं. शहापूरहून ओट्स आणले. आईनं पाकीट हुंगून विचारलं, कोंबड्यांना कशाला एवढं महाग? पहाटे धावायला निघाला तर प्रत्येक मोटारसायकल थांबायची आणि गंभीरपणे विचारायची, काय झालं रे, कोण गेलं? बस मागं. दोनदा तो बसलाही, कारण नाही कसं म्हणणार. मितेश खातो तेवढी अंडी त्यानं खाल्ली, मितेश पितो ती पावडर प्यायला, रात्री दूध प्यायचं की नाही हेही मितेशला आडून विचारलं. दर जेवणाला ताटासमोर अदृश्य मितेश बसलेला असायचा, दंड टेबलावर ठेवून, आणि घरात तर टेबलही नव्हतं.

मोबाइल थरथरला. कुणालीनं एक अंगठा पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, मितेशदादांनी सांगितलं का डाएट?

हर्षितनं ते वाचलं. मग अंगठा बघितला. अंगठा त्याच्यासाठी असावा, वाक्य मितेशसाठी... वाटणी तशी न्याय्य होती.

आणि नेमका तेव्हाच मितेश आला, रविवारी येतो तसा, डब्यात उकडलेली अंडी घेऊन. हर्षितकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, बारीक झालास रे. खरं म्हणजे हे ऐकायला हर्षितनं चार महिने कोंडा खाल्ला होता, पण ऐकलं आणि पुरलं नाही. त्याला मितेश काट्यावर हवा होता. दिवाळीत दोघं एकापाठोपाठ चढले होते, मितेशचा आकडा त्याला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता. मितेश म्हणाला, आमचे सर काट्यावर बघू देत नाहीत, म्हणतात आरशात बघायचं. हर्षित म्हणाला, आरसा नाय आमच्याकडे, काटा आहे.

मितेश चढला. आकडा स्थिर झाला, आणि मितेशचा चेहरा मात्र हलायला लागला.

"सहा कमी?" तो म्हणाला. "कसे कमी? मी वाढवतोय रे. मसल वाढवतोय मी."

तो उतरला, परत चढला. चपला घालून चढला. अंड्यांचा डबा हातात घेऊन चढला. मग त्यानं बाही वर करून स्वतःचा दंड दाबून बघितला, आंबा दाबून बघतात तसा, आणि एवढा मोठा माणूस पोत्यांच्या थप्पीला टेकून खाली बसला. काही आजार असेल का, असं हळूच म्हणाला. हर्षितच्या छातीत काहीतरी गोड सुटलं... लाज वाटावी इतकं गोड, चार महिन्यांतलं पहिलं. मितेश डबा तिथंच विसरून गेला. जाताना रस्त्यापर्यंत स्वतःचं मनगट मुठीत धरून होता.

मग गिरणीत कुणी नव्हतं. काटा रिकामा. लाल रेघ, आणि रेघेपुढे आकडा, जो कुणी बघत नाही, तो आज हर्षितनं बघितला. उणे एक्कावन्न.

पंचेचाळीस नव्हे. एक्कावन्न.

हिशेब अवघड नव्हता, फक्त त्याच्यात शिरायला पाय तयार नव्हते. मितेश काही घटला नव्हता, धडधाकट होता तो, त्याला सांगायला एक फोन पुरला असता. आणि मी उतरलो नव्हतो. धोंडी वाढला होता. शून्यच वर सरकलं होतं रोज सकाळी, माझ्याच बोटानं, आणि मी मुरबाडला कळवलं ते धोंडीचं बाळसं. सातातले सहा त्याचे. एक उरतो, तो माझा... पण आज सकाळी मी चपला काढून चढलो होतो. आणि पँटच्या खिशात दिवाळीत होत्या त्या चाव्याही नव्हत्या.

त्यानं फोन उचलला, मितेशचं नाव काढलं. सांगितलं तर आपले सात किलो गेले. नाही सांगितलं तर मितेश रात्रभर मनगट मोजणार. बोट नावावर होतं, दाबत नव्हतं. शून्याचं बटण किती सहज दाबायचं हे बोट.

दुपारी आई जेवण ठेवून गेली. धोंडी गिरणीच्या मागच्या सावलीत बसला आणि त्यानं ताट उघडलं तेव्हा हर्षितला ते ओळखू आलं, किनारीवर नाव कोरलेलं, हर्षित, आत्यानं बारशाला दिलेलं. त्यात भाताचा डोंगर, मध्ये खड्डा करून वरण, कडेला भाजलेला बोंबील. बरोबर तेवढा डोंगर. आई हाताच्या अंदाजानं वाढते. तो अंदाज हर्षितवर बसलेला होता, आणि आता धोंडीवर बसला होता. मितेशचा हेवा कुठं ठेवायचा ते त्याला सवयीनं माहीत झालं होतं. हा नवा हेवा ठेवायला जागा नव्हती. दर उन्हाळ्यात भट्टीवरून हाडं घेऊन परत येणाऱ्या माणसाच्या सहा किलोंचा हेवा... कुणाला सांगितलं तर हसतील, आणि हसतील तर बरोबरच.

धोंडीनं त्याची नजर बघितली आणि हात थांबवला.

"वयनी बोलली, हर्शित खात नाय, वाया जाल," तो म्हणाला. "म्हून खातो. रखमी बोलते, तू वळखू येत नाय."

"बरा झालास," हर्षित म्हणाला. ते शब्द घशातून निघाले तेव्हा खरे होते की नाही, हे त्यालाही कळलं नाही.

"घ्या ना दोन घास. तुमचाच हाय."

हर्षित बसला. झाकणावर धोंडीनं भात काढून दिला, मितेशनं सांगितलेला नव्हे, आईच्या अंदाजाचा नव्हे, धोंडीच्या मुठीत आला तेवढा. पहिला घास गेला तेव्हा समोर मितेश बसलेला नव्हता. दुसऱ्यालाही नव्हता. मग एका घासाला त्याला वाटलं, पुरे. कुणी म्हणालं नव्हतं, तरी वाटलं. झाकणावर थोडा भात उरला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं, आधी सगळा संपायचा आणि नंतर सगळा सुटला होता. तो त्या उरलेल्या भाताकडे अविश्वासानं बघत राहिला. पोटाला स्वतःचं मत असतं हे... पण एका दुपारचं मत ते, उद्या बदलेल.

आत काटा रिकामा होता. त्यानं बटण दाबलं. लाल रेघ विझली, शून्य. धोंडी नसलेलं, कुणीच नसलेलं शून्य, गिरणीतलं पहिलं. आता चढलं की जो येईल तो आकडा नुसता त्याचाच असणार होता. एक पाय त्यानं उचलला. मोबाइल थरथरला. मितेशचा मेसेज होता: आजपासून भात चालू करतोय, किती खाऊ? खाली कुणालीचं ते वाक्य अजून तसंच, अंगठ्यासकट, अनुत्तरित.

पाय हवेत, आणि डोक्यात, का कोण जाणे, तलाठी कार्यालयाबाहेर टंकलेखक बसतात त्यांच्या भाषेत एक अर्ज आपोआप टंकला जायला लागला: प्रति, जे कोणी संबंधित असतील ते. महोदय, अर्जदार मौजे सापगाव, तालुका शहापूर येथील कायम रहिवासी असून, साखरपुड्याच्या दिवशी विचारण्यात आलेला प्रश्न विचारण्यात आलाच नव्हता असे समजण्यात यावे. तसेच यापुढे अर्जदाराचे वजन करताना काट्यावर त्याच्या आधी कोणीही उभे राहिलेले नव्हते असा दाखला देण्यात यावा, ही नम्र विनंती.