डॉक्टर नको म्हणत्यात

गंगव्वानं मॉर्फिनची गोळी जिभेवर ठेवली, दोन घोट पाण्याबरोबर गिळली आणि आ करून रिकामं तोंड दाखवलं. तसं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. अनुजा सिस्टरला हसवायला ती मुद्दाम करायची.

अनुजा हसली. कॅन्सरच्या वयस्क रुग्णांचं दुखणं हलकं ठेवायचं काम करणाऱ्या एका पथकात ती होती. कसबा बावड्याच्या या शुश्रूषा केंद्रात दर मंगळवारी यायची.

"दहापैकी किती दुखतंय, आजी?"

"तीन. मागल्या वक्ताला सात हुतं." मणक्यापर्यंत पोचलेल्या रोगाबद्दल गंगव्वा पाऊसपाण्यासारखं बोलायची. "आता एकदा घरी जाऊन पडले की झालं. पण डॉक्टर नको म्हणत्यात."

"कुठले डॉक्टर?"

"तुमचंच की. हलवायचं न्हाई म्हणालेत. माझा पोरगा, बसवेश, सांगत हुता."

अनुजा वही काढत होती. वर न बघताच ती बोलून गेली, "छे! उलट आम्हीच बसवेशभाऊंना पहिल्या दिवशी म्हणालो होतो, घरी ठेवा म्हणून. तुमच्या शिरोळला आमची गाडी जाते. गोळ्या, तपासणी, सगळं घरात होतं..."

मग तिनं वर पाहिलं आणि वही मिटली.

"माझ्या ऐकण्यात चूक झाली असंल," गंगव्वा म्हणाली.

रविवारपर्यंत तिनं मनातल्या मनात पोराची बरीच वकिली केली. त्याला नीट समजलं नसेल. दुकानाच्या गडबडीत ऐकलं असेल. दोन महिने ती डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडत आली होती; त्या कधी न भेटलेल्या माणसाला तिनं काय काय म्हटलं होतं, ते आठवून तिला लाज वाटली.

रविवारी बसवेश आला. शिरोळला त्याचं खताचं दुकान होतं. दुपारी ते बंद करून तो यायचा आणि आधी आईच्या पायांना तेल लावायला बसायचा. हात चांगला होता त्याचा.

"डॉक्टर भेटलं का रं?"

"परवाच भेटलो की, अव्वा. म्हणाले, आता हलवायचं न्हाई. रस्त्यात धक्का बसला तर मणका जाईल. मी लई सांगून बघितलं."

इतक्या सफाईनं. लहानपणी शाळा बुडवली तरी त्याला लपवता यायचं नाही. उंबऱ्यातच रडू फुटायचं. गंगव्वानं पाय हळूच ओढून घेतले.

"सिस्टर म्हणत हुत्या, घरी न्या म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलंय तुला."

बसवेशचे तेलकट हात तसेच मांडीवर राहिले.

"आप्पांचं बघितलंय मी," तो म्हणाला. त्याचे वडील, मल्लाप्पा, बारा वर्षांपूर्वी याच रोगानं त्याच घरात गेले होते. तीन आठवडे त्यांच्या ओरडण्याचा आवाज गल्लीभर जायचा. तेव्हा त्यांना असल्या गोळ्या कुणी दिल्या नव्हत्या. "त्या खोलीत परत तसलं... मला न्हाई बघवायचं, अव्वा."

"मग तसं म्हणायचं हुतंस."

"कसं म्हणू?"

"आत्ता म्हणालास तसंच. मी ऱ्हायले असते की इथं. आपणहून ऱ्हायले असते."

त्यानं हात पुसले. "उद्याच गाडी आणतो. उद्या जाऊया घरी."

"नको."

निघताना तो दारात थांबला. दर रविवारी ती 'सावकाश जा' म्हणायची. आज ती भिंतीकडं तोंड करून पडली होती, डोळे उघडे ठेवून.

मंगळवारी अनुजा आली ती अवघडूनच. "आजी, मी बोलायला नको होतं."

"बरं केलासा."

"तुम्हाला जायचं असेल तर सोय होते. भाऊंची मी समजूत घालते."

"त्याची समजूत हाय सगळी." गंगव्वानं पदर सारखा केला. "तुमच्या वहीत एक लिहून घ्या. माझं झालं की पोराला मातीला बोलवा. त्याच्या आधी नको."

अनुजाचं पेन थांबलं. "पण शेवटी त्यांना यावंसं वाटलं तर?"

"त्याला बघवत न्हाई."

अनुजानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिथून तिला काही कळलं नाही.

"मग त्या वेळी तुमच्याजवळ कोण असेल, आजी?"

गंगव्वानं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"मंगळवार असला, तर तुम्ही हायसा की."