मनातल्या मनात पाच

एक

गिऱ्हाईक गप्प झालं की समजायचं, निसटलं. चपलांच्या दुकानात नव्याने लागलेल्या पोरींना टिटवीची आई पहिल्याच दिवशी हे सांगायची. माणूस बूट घालून आरशासमोर उभा राहिला, विचारात पडला, की लगेच तोंड उघडायचं. "टाच बघा किती मऊ आहे." "दोनदा घातलात की सैल होतील." मध्ये शांतता म्हणून उरू द्यायची नाही. मालक म्हणायचे, "मासा जरी दुकानात आला, तरी बाई त्याच्या गळ्यात सँडल मारतील."

टिटवी तिची सहा वर्षांची मुलगी. पाळण्यातच घर डोक्यावर घ्यायची, म्हणून बापाने हे नाव पाडलं. घरी अखंड टकळी, गाणी, बापाच्या घोरण्याची हुबेहूब नक्कल. दाराबाहेर पाऊल पडलं की आवाज बंद. शेजारीण नाव विचारायची, टिटवी स्वतःच्या बुटांकडे बघायची, आई नाव सांगायची. कितवीत आहेस? "पहिलीत," आई. चॉकलेट हवं? "नको, तिला गोड आवडत नाही," तेही आई. "लाजाळू आहे हो फार," हेसुद्धा आईच.

दोन

शाळेतून फोन आला. टिटवीने बाकावरच शू केली होती.

"शूला जाऊ का, एवढं विचारायला काय झालं होतं हिला?" वर्गाच्या बाई म्हणाल्या. "वर्षभरात एक अक्षर बोललेली नाही. मी तर हात टेकले."

"घरी तर तोंड बंद होत नाही तिचं!"

समोरची थापा मारतेय, असं दोघींनाही वाटलं.

परतताना गल्लीत माणूस दिसेना, तेव्हा टिटवी आपल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "मी शाळेत पाणीच पीत नाही. मग विचारावं लागत नाही. आज खूप पळले ना, म्हणून प्यायले."

आई रस्त्यातच थांबली. पोरगी रोज तहानलेली बसत होती, आणि आपण सगळ्यांना लाजाळू, लाजाळू सांगत सुटलो होतो.

तीन

मुलांची मानसोपचारतज्ज्ञ पायमोजे घालून जमिनीवर बसली होती. तिने टिटवीला विचारलं, "बसने आलात की चालत?"

"बसने," आई म्हणाली.

"खिडकी मिळाली?"

"मिळायलाच हवी, नाहीतर हट्ट करते."

"ताई," डॉक्टर हसली, "तुम्हाला मी अजून काही विचारलंच नाहीये."

तिने टिटवीचे कान तपासून घेतले, घरी मोबाइलवर काढलेले बडबडीचे व्हिडिओ पाहिले, शाळेतल्या बाईंशी फोनवर बोलली. मग आईला समजावलं. याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. हा हट्ट नव्हे, भीती आहे. बोलायचं असतं, पण काही ठिकाणी, काही माणसांपुढे घसा आवळतो आणि शब्द वर येत नाही. यात कुणाची चूक नाही. "फक्त एक होतं. ती अडकली की तुम्ही उत्तर देता. तिला सुटल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या वेळी ती आणखी अडकते."

"औषध?"

"सध्या तुम्हालाच देते. कुणी तिला काही विचारलं, की मनातल्या मनात पाच मोजायचे. तेवढ्यात उत्तर नाही आलं, तर प्रश्न सोपा करायचा, हे की ते. आणि आलंच, तर टाळ्या नाहीत, मिठ्या नाहीत. काही विशेष घडलंच नाही, असं वागायचं."

घरी नवरा म्हणाला, "तू? पाच? आधी दोनापर्यंतचा क्लास लाव."

पुन्हा एक

फळवाला: "नाव काय बाळा तुझं?"

एक. दोन. "टिटवी! म्हणजे घरचं हो, शाळेतलं वेगळं—"

पुन्हा एक

शेजारीण: "आज शाळेला सुट्टी का गं?"

एक. दोन. तीन. (सुट्टी नाही, डॉक्टरकडे जायचंय, आणि जिन्यात उभं राहून चौकशा करण्यापेक्षा तुमचं दूध बघा, उतू जातंय.) चार. गिळलं. पाच. टिटवीने मान हलवली. नाही.

दुकानात एक गिऱ्हाईक आरशासमोर घुटमळलं, तेव्हा आई सवयीने मोजायलाच लागली. पाच झाले. गिऱ्हाईकाने बूट काढून ठेवले आणि ते चालतं झालं. मालकांनी वर पाहिलं. "बाई, बरं नाही का?"

पुन्हा एक

डॉक्टरकडे मायलेकी ठोकळे मांडून बोलत बसायच्या. डॉक्टर आधी दाराबाहेर असायची. मग दारात. मग आत, पाठ करून. प्रत्येक वेळी टिटवीचा आवाज थोडा खाली जायचा, पण टिकायचा. एके दिवशी डॉक्टर सतरंजीवर येऊन बसली. "कोणता देऊ? लाल की निळा?"

एक. दोन. तीन. चार.

"निळा."

"बोलली! अगं माझी बाय ती!" आईने पटापट मुके घेतले, नवऱ्याला फोन लावला, फोन टिटवीच्या तोंडाशी धरला. "सांग, सांग बाबांना!"

टिटवीचे ओठ मिटले. कितीतरी आठवडे तिथे ते उघडलेच नाहीत.

डॉक्टर रागावली नाही. "पुन्हा दाराबाहेरून सुरू करू," एवढंच म्हणाली. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एक, दोन, तीन, चार, पाच

उन्हाळा संपला, टिटवी पुन्हा निळा म्हणाली, पिवळाही म्हणाली. मग हेच शाळेत करायचं ठरलं, शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात. बाई दुसरीलाही त्याच होत्या.

"मी गप्प, तुम्ही गप्प, ती गप्प," बाई म्हणाल्या. "छान! मग शाळा कशाला म्हणायची?" पण दर आठवड्याला थांबल्या. आधी व्हरांड्यात वह्या तपासायच्या, मग मागच्या बाकावर. आज पहिल्या बाकावर बसल्या होत्या.

टिटवी खुर्चीवर चढून फळ्यावर मांजर काढत होती, आई भिंतीशी बसून बघत होती. बाईंनी वहीतून मान न काढता विचारलं, "आता शेपूट काढणार की मिशा?"

एक. पंखा करकरला. दोन. तीन. (मिशा. मिशाच काढते ती आधी.) चार. खडू हवेत थांबला. पाच.

सहा. सहाचं डॉक्टर काही बोलली नव्हती.

टिटवी खाली उतरून आईजवळ आली. कुजबुज आईच्या कानाशी होती, पण बाईंना स्पष्ट ऐकू जाईल एवढी.

"आई, तू बाहेर जा."

का गं, हे अगदी जिभेच्या टोकावर आलं. आईने ते गिळलं आणि ती उठली. बाईंचं पेन वहीवर टेकलेलं होतं, हलत नव्हतं.

व्हरांड्यात लहान मुलांचं बुटकं बाकडं होतं. आई बसली तर गुडघे हनुवटीला लागले. आतून बाईंचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक बारीक, घोगरा आवाज. शब्द कळला नाही. मग पुन्हा बाई, आणि पुन्हा तो आवाज, जरा लांबलेला.

दार उघडलं. टिटवी बाहेर आली. पाय एकमेकांत अडकवत, घाईघाईने, आईच्या समोरून स्वच्छतागृहाकडे निघाली. बाई तिच्यामागे. कोपऱ्यावर बाईंनी वळून आईकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण चेहरा वह्या तपासतानाचाच ठेवला होता त्यांनी. टिटवीने वळून पाहिलं नाही.

आत ती काय म्हणाली, कसं म्हणाली, हे बाईंनी विचारताक्षणी सांगितलं असतं. आईने कधी विचारलं नाही.