बाकावर बसलेली नंबरबाई

नंबरबाईनं खिळ्यावरची नंबराची एक चकती काढली, टेबल सोडलं आणि सरळ समोरच्या बाकावर पेशंटांच्या ओळीत जाऊन बसली.

लोक हसले. त्यांना वाटलं बाई गंमत करतेय. बाईची जागा टेबलामागे, डॉक्टरांच्या दाराला पाठ लावून. लग्नाच्या आधीपासून तिथंच. चकत्या द्यायच्या, नंबर पुकारायचा, मध्ये घुसणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी मागं बसवायचं. तिचं खरं नाव खालच्या औषधवाल्यालासुद्धा ठाऊक नव्हतं.

आज टेबलामागे तिची धाकटी बहीण होती, तोंड फुगवून. बाईनंच तिला बोलावून घेतलं होतं.

"दार तुझ्या हाताशी, आणि तू रांगेत बसतेस?" धाकटी वाकून पुटपुटली. "सरळ आत जा ना."

"तसं आत जाऊन सांगून झालंय," बाई म्हणाली. "जाता-येता सांगितलेलं त्यांना ऐकू येत नाही."

आणि खरंच सांगून झालं होतं. पहिल्यांदा दुखलं ते जिना चढताना. छातीवर कुणी गुडघा ठेवल्यासारखं, मग कळ जबड्यात, अंगाला दरदरून घाम. वर आल्यावर चहाचा कप ठेवता ठेवता तिनं डॉक्टरांना सांगितलं. ते कपात बघत म्हणाले, ॲसिडिटी, आणि ड्रॉवरमधली नमुन्याच्या गोळ्यांची पट्टी पुढं सरकवली. पुढच्या वेळी म्हणाले, जबडा म्हणजे दाताचं असेल, आणि या वयात बायकांना होतंच असं. त्याच्या पुढच्या वेळी तर हसलेच. म्हणाले, बाई, दिवसभर छाती धरून येणारे बघता, त्यांचं खूळ तुम्हाला लागलं.

बाईपण हसली. तिथंच घोळ झाला. इतकी वर्षं साहेबांच्या विनोदाला हसायची सवय, तोंड आपोआप उघडलं. आणि हसणाऱ्या बाईचं दुखणं कोण खरं मानणार?

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, बाईनं कधीच खडसावलं असतं. पण तिचा मुलगा तापानं फणफणला तेव्हा हाच माणूस हातातला घास टाकून तिच्या घरी धावत आला होता. आता त्याच्याशी भांडायचं कुठल्या तोंडानं? घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. घाबरला की तो तेवढंच करायचा.

शेवटी बाईनं स्वतःच ठरवलं. डॉक्टर ऐकतात ते स्टुलावर बसलेल्याचं. स्टुलावर माणूस आला की चष्मा काढतात, नीट बघतात. मग आपणही स्टुलावर जायचं. चकती घेऊन, रांगेनं.

पण सवय कुठं जाते? तिचा नंबर आला आणि दारात एक बाप रडकं पोर घेऊन उभा राहिला. बाई उठली, आपली चकती त्याच्या हातात दिली आणि त्याची घेऊन परत बसली. मग तोही नंबर आला, तेवढ्यात एक धापा टाकणारे आजोबा आले. बाई पुन्हा उठायला लागली, तशी धाकटी टेबलामागून तरातरा आली आणि तिनं बाईचं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार, घामानं ओला.

"तू आज बाई नाहीस, पेशंट आहेस," ती दातओठ खात म्हणाली. "पेशंटसारखी वाग. जरा भांड की गं."

आजोबांनी पण हातानंच खूण केली, जा म्हणून.

आत डॉक्टर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, बाई, पुढचा पाठवा.

"पुढची मीच आहे," बाई म्हणाली. चकती टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसली.

डॉक्टर हसले. बाई हसली नाही. हसू वर आलं होतं, ते तिनं गिळलं.

"माझा ईसीजी काढा, साहेब. काढायचा नसेल तर तसं सांगा, मी मोठ्या दवाखान्यात जाते."

डॉक्टरांना लागलं ते. "माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"होता म्हणून तर इतके दिवस गप्प बसले."

मशीन सुरू झालं. कागद घरघरत बाहेर आला. डॉक्टरांनी तो हातात घेतला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एकदम हळू आवाजात विचारलं, पहिल्यांदा कधी दुखलं होतं?

तो आवाज बाईच्या ओळखीचा होता. दारामागून तो ऐकू आला की ती नातेवाइकांसाठी पाण्याचा ग्लास भरून ठेवायची.

"तुम्ही गोळ्यांची पट्टी दिलीत ना," ती म्हणाली, "त्याच दिवशी."

डॉक्टरांनी तिला एक गोळी चावायला दिली, फोन करून गाडी मागवली. मग सांगितलं. झटका तेव्हाच येऊन गेला होता. हृदयाचा एक भाग मेलाय, तो काही परत येणार नाही. आज पुन्हा सुरू झालंय. उरलेलं वाचवायला आत्ताच्या आत्ता जायला हवं. "मी तेव्हाच..." एवढं म्हणाले आणि ईसीजीच्या कागदाची उगाच घडी घालायला लागले. वाक्य पुरं करायला बाईनंही त्यांना मदत केली नाही.

गाडी येईपर्यंत तिला बाहेरच्या बाकावर टेकवून बसवलं. धाकटी तिला एका बाजूनं कवटाळून बसली, नुसती डोळे पुसत. दुसऱ्या बाजूला डॉक्टर, बाईच्या नाडीवर बोटं ठेवून. या बाकावर ते कधी बसलेच नव्हते. एकही पेशंट कुरकुरला नाही.

तेवढ्यात जिन्यानं एक नवीन माणूस आला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. नंबर कोण देतं, असं त्यानं विचारलं.

बाई उठायला गेली. धाकटीनं खांदा दाबून तिला खाली बसवलं.

मग डॉक्टर उठले. खिळ्यासमोर जाऊन गोंधळल्यासारखे उभे राहिले, एक चकती काढली आणि त्या माणसाच्या हातात दिली.

चकती चुकीच्या नंबराची होती. बाईनं बघितलं. आणि ती बसूनच राहिली.