भिंत कोण खाते

“आन् जुनी बॅटरी कुठी हाये, मावशी?” बशीरनं विचारलं.

“ते तं संपली तशी मीच काढून फोडली,” रुखमाबाई म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, हेच तिला कळेना. संपलेली बॅटरी फोडायचीच असते, अशी तिची समजूत होती.

बशीर चावडीच्या पायरीवर नव्या बॅटरीचं खोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि आज ते हातचं सोडत नव्हता. एरवी तो जीपमधून उतरायचा, रेडिओच्या पाठीमागचं जुनं खोकं काढून बाजूला टाकायचा, नवं जोडायचा, चहा घ्यायचा आणि रोहिणखेडच्या रस्त्याला लागायचा. महाराष्ट्र झाल्यावर चावडीत हा रेडिओ आला तेव्हापासून असंच चाललं होतं. रेडिओ आधी रुखमाबाईचा नवरा पुंजाजी कोतवाल सांभाळायचा. तो वारला आणि रेडिओच्या कपाटाची किल्ली आपसूक तिच्याकडे आली. गावातल्या शिकलेल्यांना ते काम हलकं वाटे आणि बाकीच्यांना त्या खोक्याला हात लावायची धास्ती वाटे, त्यामुळे किल्लीसाठी कोणी भांडलं नाही.

“आता फोडायची नाई,” बशीर म्हणाला. “फेकायची बी नाई. जुनी घेतल्याबिगर नवी देऊ नोको, असा रेडिओ केंद्राचा हुकूम हाये.”

“काऊन?”

“लोकं नाल्यात टाकून राह्यले, विहिरीत टाकून राह्यले. मेहकरकडं एका म्हशीनं फुटकी बॅटरी चाटली. आत नवसागर असते न, खारट लागते. म्हैस गेली. केंद्राचे सायेब तवा तिथंच होते, त्यायनं डोळ्यानं पाह्यलं. तवापासून म्हन्तेत, आवाज आपला तं घाण बी आपलीच. समदं वापस आना.” तो हौसेनं सांगत होता. पुढे लहान सेट येणार, थोड्या सेलवर चालणारे. दर गावात जुन्या सेलसाठी पेटी ठेवणार. संध्याकाळच्या कार्यक्रमातही हे सांगणार आहेत.

रुखमाबाईचं मन मात्र ‘खारट’पाशी अडकलं होतं.

“भितीले लावलं तं?” तिनं विचारलं. आवाज होईल तितका साधा ठेवला.

“काय?”

“ते आतलं काळं. शेणामातीत कालवून भितीले लावलं तं चालते का?”

बशीर हसला. “लावा ना. भीत कोन खाते, मावशी?”

भिंत कोण खाते, ते रुखमाबाईला ठाऊक होतं. तिची सून कोकिळा खात होती.

यावेळपुरतं माफ, पुढच्या खेपेला जुनी जपून ठेवा, असं बजावून बशीरनं नवी बॅटरी जोडली. तो गेला तरी ती कपाट उघडं टाकून तशीच उभी होती.

तिच्या घराच्या भिंतीला पायथ्याशी हातभर उंचीचा काळा पट्टा होता आणि त्या पट्ट्याचं गावात नाव होतं. चुलीच्या काजळीनं किंवा कोळशाच्या भुकटीनं असा पट्टा कोणीही ओढतं, पण तो हाताला लागतो आणि दोन महिन्यांत फिका पडतो. रुखमाबाईचा पट्टा चकाकायचा. बॅटरीच्या आतली काळी भुकटी ती पाट्यावर बारीक वाटायची, शेणात कालवायची आणि दगडानं घोटायची. बाया मुद्दाम बघायला यायच्या, आणि हिनं काय लावलंय म्हणून एकमेकींत कुजबुजायच्या. तिला ते फार आवडायचं. खरं सांगायचं तर नवऱ्यामागं तिच्या वाट्याला आलेली मिरवायची गोष्ट तेवढीच होती. शेजारच्या अंबूबाईनं फारच गळ घातली तेव्हा तिनं थोडी भुकटी तिलाही दिली, तीही उपकार केल्यासारखी.

घरी आली तेव्हा कोकिळा कणगीला टेकून बसली होती. दिवस भरत आले होते. पहिलं मूल पोटातच गेलं होतं, म्हणून या खेपेला रुखमाबाईनं तिला पाण्याची घागरसुद्धा उचलू दिली नव्हती. मुलगा उत्तम कापसाच्या जिनिंगवर कामाला होता, तो आठवड्यानं यायचा. पोरीचे डोहाळे पुरवायचे ते सासूनंच. मातीचा डोहाळा लागला तेव्हा रुखमाबाईला काहीच वाटलं नव्हतं. तिनं स्वतःही उत्तमच्या वेळी माती खाल्ली होती. ‘खाय माय, घरची भीत हाये, कोनाच्या बापाची नाई,’ असं ती हसून म्हणालीही होती.

आता तिनं वाकून कणगीच्या मागे पाहिलं. पट्ट्याला परातीएवढा खड्डा पडला होता. कडेला नखांचे ओरखडे होते.

“काय पाह्यता, आत्याबाई?”

“काही नाई. उंदरानं पोखरलं का, ते पाहून राह्यली.”

कोकिळा लाजली. “उंदीर मीच हावो.”

रुखमाबाईला हसता आलं नाही.

संध्याकाळी चावडीत माणसं जमली. तिनं रेडिओ लावला. बाजारभाव झाले, आणि मग कार्यक्रमातले दोघे नेहमीचे गडी बोलू लागले, एक शहाणा आणि एक येडा. येडा म्हणाला, मी जुनी बॅटरी गोठ्यात ठेवली. शहाणा म्हणाला, अरे बाबा, ते विष आहे, गुरांपासून आणि लेकरांपासून लांब ठेव. लोक हसले. रुखमाबाईनं बटण पिळून आवाज बारीक केला.

“काऊन कमी केलं वं?” सरपंच माणिकराव ओरडले. “कामाचं सांगून राह्यलेत ते.”

तिनं आवाज पुन्हा वाढवला. गुरं झाली, लेकरं झाली, विहिरी झाल्या. पोटुश्या बाईचं नाव कोणी घेतलं नाही. आधी तिला वाटलं, नाव नाही म्हणजे धोका नाही. घरी जाता जाता वाटलं, भिंत खाणारी बाई त्या साहेबांच्या ध्यानात तरी कुठून येणार?

सकाळी ती खुरपं घेऊन भिंतीशी बसली आणि पट्टा खरवडू लागली. कोकिळा न्हाणीतून आली ती दारातच थांबली.

“काय करू राह्यल्या? एवढा साजरा पट्टा.”

“जुना झाला.”

“परवा तं म्हनत होत्या, असा कोनाच्या घरी नाई.” कोकिळा जवळ आली. “आत्याबाई, थोडा राहू द्या कणगीमागचा. मले तेच लागते. नदीची माती आनली तुम्ही, ते नाई लागत. ह्याले चव हाये.”

“कशी चव?”

“खारट.”

रुखमाबाईनं खुरपं खाली ठेवलं. हे पोरीला सांगितलं नाही तर ती दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन खाईल. सांगितलं तर पुन्हा कधी आपल्या हातचं जेवेल का? अंगणात कोंबड्या ओरडत होत्या, त्यांना तिनं उगीचच हाकललं. मग तिनं सांगितलं. बॅटरीचं काळं, बशीर, म्हैस, सगळं सांगितलं. म्हैस मेली हे लपवावं असं ओठावर आलं होतं, पण तेही सांगून टाकलं.

कोकिळेचे दोन्ही हात पोटावर गेले.

“तुमी मले खाय म्हनत होत्या,” ती म्हणाली.

“मले माहीत नोतं, माय.”

“हाव. पन तुमी खाय म्हनत होत्या.”

दुपारी सासूनं वाढलेलं ताट कोकिळेनं तसंच सरकवून ठेवलं. संध्याकाळी तिनं स्वतः उठून भाकरी टाकली. रुखमाबाई चुलीपासून लांब उंबऱ्यात बसली, चोरी करताना सापडल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी दोघी मोताळ्याच्या दवाखान्यात गेल्या. एसटीत कोकिळा खिडकीशी बसली आणि मध्ये पिशवी ठेवली. नसीमा सिस्टरनं नळी लावून पोट ऐकलं, पापण्या ओढून पाहिल्या आणि अंगात रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. ठोके लागत होते.

“रक्त कमी असलं की माती खावीशी वाटते,” ती म्हणाली. “ते काळं मात्र मी कधी ऐकलं नाही, बाई. डॉक्टरांनापण विचारलं. आता बंद केलं ना? मग वाट पाहा.”

“लेकराले काही होईन का?” रुखमाबाईनं विचारलं.

“खोटं कशाला सांगू? मला नाही सांगता येत.”

होईल म्हणाली असती तरी काहीतरी हातात आलं असतं, असं रुखमाबाईला येताना वाटत राहिलं. आणि गावच्या फाट्यावर उतरताना तिला अंबूबाईचं घर आठवलं. अंबूबाईची नात रांगायला लागली होती. रांगणारं लेकरू नेमकं हातभर उंचीवर असतं. ती मैलाच्या दगडावर बसली.

कोकिळेला घरी सोडून ती खुरपं घेऊन अंबूबाईच्या दारात गेली. अंबूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग जे तोंड सोडलं ते चार घरं ओलांडून गेलं. “आमाले जहर दिलं अन् वरून मिरवत होती,” असं ती म्हणाली आणि त्यात चूक काहीच नव्हती. रुखमाबाई ऐकत ऐकत भिंत खरवडत राहिली. एका कोपऱ्यात जिभेनं चाटल्यासारखी जागा गुळगुळीत दिसली. पाण्याचा ओघळ असेल, असं तिनं मनाला सांगितलं आणि तिथं जास्त खोल खरवडलं.

बशीर पुढच्या खेपेला नवा लहान सेट आणि जुन्या सेलसाठी लाकडी पेटी घेऊन आला. चावडीत पोत्यांत बांधलेली, भिंतींची खरवडलेली माती बघून तो गडबडला.

“मावशी, हुकूम बॅटरीचा हाये. मातीचा नाई.”

“बॅटरीचीच हाये ते. शेन तेवढं माहं.”

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. आपण हसून काय बोललो होतो ते त्याला आठवलं असावं. तो पोती जीपमध्ये चढवू लागला.

कोकिळेला मुलगी झाली. लहानखुरी होती आणि पहिल्या रडण्याला तिनं वेळ घेतला. तेवढ्या वेळात बाहेर बसलेल्या रुखमाबाईनं ओठ दातांनी फोडून घेतला. मग गावच्या बाया येऊ लागल्या. बाळंतिणीला पाहायला येतात तशा त्या येत नव्हत्या. दुपट्याच्या टोकाला हळूच हात घालून त्या बोटं पाहायच्या, टाळू पाहायच्या, आणि काही दिसलं नाही की एकमेकींकडे पाहायच्या. एकदा कोकिळेनं सगळ्यांच्या देखत दुपटं काढलं आणि पोरीला उघडं पुढ्यात ठेवलं.

“घ्या, पाहून घ्या,” ती म्हणाली. “अन् मंग जा घरी.”

बाया उठून गेल्या. अंबूबाई जाताना नातीचं झबलं ठेवून गेली.

रुखमाबाई चुलीपाशीच होती. पोर झाल्यापासून तिनं तिला हात लावला नव्हता. पाणी तापवायची, धुणं धुवायची, आणि उत्तमनं पोर पुढे केली की हात ओले आहेत म्हणायची.

“आत्याबाई,” कोकिळा म्हणाली, “मी न्हाऊन येतो. हिले घ्या.”

“माहे हात...”

“घ्या म्हनलं न.”

तिनं पोर सासूच्या मांडीवर ठेवली आणि ती न्हाणीकडे गेली. रुखमाबाई उंबऱ्यातल्या उजेडात सरकली. तिनं दुपट्याची गाठ सोडली. पोरीची बोटं पाहिली, नखं पाहिली, तळवे पाहिले. ओठ दोन बोटांनी हलकेच उघडून हिरड्या पाहिल्या. कानाशी चुटकी वाजवली तेव्हा पोरीनं डोळे मिचकावले. पाठ पाहिली, पोट पाहिलं, छातीला कान लावला. कुठेच काही सापडलं नाही. म्हणून तिनं दुपटं नीट केलं, पोरीला उजेडात आणखी पुढे घेतलं आणि पुन्हा बोटांपासून पाहायला सुरुवात केली.