एक हजार चारशे आठ व्हायरस

त्या रविवारी सकाळी आमच्या इमारतीचा तळमजल्यावरचा हॉल इतका भरला, की खुर्च्या संपल्यावर लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले. याच हॉलमध्ये पाण्याच्या टाकीची सभा भरते तेव्हा सातजण येतात, त्यातले दोन भांडायला. त्या दिवशी सत्तर-ऐंशी माणसं पांढऱ्या पडद्याकडे डोळे लावून बसली होती. पडद्यावर एक लाल आकडा वाढत होता. चारशे बारा. चारशे नव्वद. सहाशे तीन. प्रत्येक वाढीला टिंग असा आवाज येई आणि पुढच्या रांगेतल्या आजी दचकत.

"हे काय वाढतंय ते कळतंय का?" पडद्याशेजारच्या माणसाने हळू आवाजात विचारलं. अंगात पांढरा कोट, खिशाला तीन पेनं. "हे तुमच्या अध्यक्षांच्या घरातल्या कॉम्प्युटरमधले व्हायरस आहेत. या क्षणी, आपण बोलतोय तेव्हा, ते पिल्लं घालतायत."

कॉम्प्युटर टेबलावर होता आणि आमचे अध्यक्ष त्याच्या शेजारी, घरात उंदीर निघाल्यासारखे ओशाळून उभे होते.

या माणसाला सगळे व्हायरस-डॉक्टर म्हणत. ही पदवी त्याने स्वतःच घेतलेली असल्यामुळे तिला परीक्षा नव्हती. त्याच्या औषधाचं नाव 'त्रिकालरक्षक'. "बाजारातली बाकीची कवचं कालचे व्हायरस पकडतात," तो म्हणाला. "आपलं कवच कालचे पकडतं, आजचे पकडतं आणि जे उद्या जन्माला येणार आहेत त्यांना आजच पकडून ठेवतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. उद्या जन्माला येणाऱ्याला आज कसं पकडणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही.

हे मला आधीच कबूल केलेलं बरं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मंतरलेल्या पाण्यात फक्त पाणीच असतं, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला काचेच्या नळीत उकळून दाखवतो. बुवा-बाबांची टिंगल करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण या बुवाच्या अंगात कफनी नव्हती, कोट होता, आणि तो आकडे बोलत होता. मी माझा कॉम्प्युटर खाली आणून रांगेत तिसरा उभा राहिलो. माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक हजार चारशे आठ व्हायरस निघाले. वर्षाची वर्गणी भरून मी त्रिकालरक्षक घेतलं आणि सोबत मिळालेला सोनेरी स्टिकर पडद्याच्या कोपऱ्यावर चिकटवला. त्या दिवशी मला फार सुरक्षित वाटलं.

चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या भरतकामवाल्या काकू आमच्या दारात आल्या. काकूंचं घर भरतकामाच्या मशीनवर चालतं. मशीनला नक्षी कॉम्प्युटरवरून द्यावी लागते, आणि ती नक्षी काकू स्वतः काढतात, एकेक टाका मोजून. बारा वर्षांचं काम त्या कॉम्प्युटरमध्ये होतं.

"सर, माझ्या सगळ्या नक्ष्या गेल्या," त्या म्हणाल्या. "त्रिकालरक्षकाने त्यांना व्हायरस म्हटलं आणि उचलून नेलं. डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, तुम्हीच कुठून तरी घाण आणली असणार. जास्त पैशांची डायमंड सुविधा घ्या, मग बघू."

"किती नक्ष्या होत्या?"

"हजारावर. शाळेच्या गणवेशांचे बिल्ले शुक्रवारी द्यायचेत." त्या दारातच उभ्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या. "मी खरंच काही आणलं नाही हो. मी त्याच्यावर नक्षीशिवाय काही करतच नाही."

मी स्टिकरकडे पाहिलं.

माझी थोरली बहीण त्या आठवड्यात आमच्याकडे राहायला आली होती. चौतीस वर्षं सरकारी रुग्णालयात नर्स होती. सगळं रुग्णालय तिला सिस्टर म्हणायचं, आमची इमारतही म्हणते. तिला बहीण म्हणायचा मान मला जन्मतःच मिळालेला, पण मी तिला ताईच म्हणतो. ती आतून आली, काकूंना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि विचारपूस सुरू केली. पेशंटची करतात तशी: कधीपासून, आधी काय झालं, नंतर काय दिलं.

सगळं ऐकून तिने मला विचारलं, "त्या दिवशी किती जणांचे कॉम्प्युटर तपासले?"

"पंचवीस-तीस तरी."

"त्यातले निरोगी किती निघाले?"

"एकही नाही. सगळ्यांत हजाराच्या वर."

"वरच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापकांकडचा नवा? गेल्या आठवड्यात घेतला म्हणालास तो?"

"त्यात अकराशे."

ताई म्हणाली, "अरे, वॉर्डातल्या तीसही जणांना एकशेचार ताप दिसला, तर मी तीस जणांना औषध देत नाही. आधी थर्मामीटर बघते."

मला इतक्या वर्षांच्या शिक्षकीत न लागलेला चटका त्या वाक्याने लागला. ताप मोजायच्या आधी थर्मामीटर गार पाण्यात धरून बघायचं, हे मी स्वतः मुलांना शिकवतो.

ताई माझ्या कॉम्प्युटरपुढे बसली. तिला कॉम्प्युटरची विद्या नाही, पण कागद असो की पडदा, लिहिलेलं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे; औषधांच्या बाटल्यांनी लावलेली. अर्ध्या तासाने तिने मला हाक मारली.

"हे बघ. या कॉम्प्युटरचा स्वतःचा पहारेकरी आहे. विकत घेतलास तेव्हाच आत होता, फुकट. रोज नवी माहिती घेत होता. रविवारी सव्वाअकराला बंद झाला."

सव्वाअकराला त्रिकालरक्षक आत गेलं होतं. नवा पहारेकरी कामावर आला की जुना बाजूला होतो, अशी ती व्यवस्था. त्यात गैर काही नाही, नवा जागा राहणार असेल तर. मग मला आठवलं, डॉक्टरने पडद्यावरची लाल खूण दाखवून सगळ्यांना सांगितलं होतं, "बघा, तुमचं यंत्र उघडं पडलंय." ते उघडं पाडलं कुणी, हे आता कळलं. कुलूप काढून घ्यायचं आणि मग घरमालकाला म्हणायचं, तुमच्या दाराला कुलूप नाही.

"आणि काकूंच्या नक्ष्या?" मी विचारलं.

"त्या मेल्या असं तो डॉक्टर म्हणाला का?"

"उचलून नेल्या म्हणे. विलगीकरणात ठेवल्यात, असं काकूंच्या पडद्यावर आलं होतं."

"मग जिवंत आहेत," ताई म्हणाली. "विलगीकरणात ठेवतात तो जिवंत माणूस. मेलेल्याची खोली वेगळी असते."

गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर डायमंड सुविधेची सभा घेणार होता. हॉल पुन्हा भरला. काकू मागच्या रांगेत बसल्या होत्या. काहीजण त्यांच्याकडे साथीच्या पेशंटसारखे पाहत होते. एक बाई तर उठून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसल्या.

डॉक्टर रंगात आला होता. "व्हायरस दिसत नाही, वास येत नाही, आवाज करत नाही. म्हणूनच तो आहे. ज्यांना वाटतं आपल्याकडे नाही, त्यांच्याकडे सगळ्यात जास्त."

ताई उठली. हातात नवा पेनड्राइव्ह, अजून दुकानातल्या पाकिटात.

"डॉक्टर, हा जरा तपासून देता का? आजच घेतलाय."

"अवश्य, सिस्टर. जागरूक नागरिक असा असावा." त्याने सभेला सांगितलं, "नव्या वस्तूतच धोका जास्त. कारखान्यातून लागण होऊन येतात."

ताईने सगळ्यांसमोर पाकीट कात्रीने कापलं, पेनड्राइव्ह हॉलच्या कॉम्प्युटरला लावला आणि आधी तो उघडून पडद्यावर दाखवला. आत काही नव्हतं. मग डॉक्टरने त्रिकालरक्षक सुरू केलं. टिंग. बारा. टिंग. एकोणचाळीस.

"बघितलंत?" डॉक्टर पडद्याकडे पाठ करून लोकांकडे वळला. "डोळ्यांना रिकामा, आणि आत वारूळ. माणसाचंही असंच असतं, मंडळी..."

तो माणसाविषयी बोलत राहिला. त्याच्या मागे ताईने दोन बोटांनी पेनड्राइव्ह काढला आणि हातात धरून उभी राहिली. पडद्यावर आकडा चढत होता. एकशे साठ. दोनशे चार. दोनशे एकाहत्तर.

आधी पुढच्या रांगेतला एकजण खाकरला. मग कट्ट्यावरून कुणीतरी फसकन हसलं. डॉक्टरला वाटलं आपल्या विनोदावर हसले, त्यामुळे तो जास्तच खुलला. शेवटी मागच्या रांगेतून काकू बोलल्या, अगदी हळू, पण हॉल शांत होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"डॉक्टर, ते कुणाचे व्हायरस मोजतायत? ती वस्तू सिस्टरांच्या हातात आहे."

डॉक्टर वळला. टिंग. तीनशे नव्वद.

माणूस हजरजबाबी होता, हे मान्य करायला हवं. "हे वायरलेस प्रकारातले आहेत," तो म्हणाला. "जवळ असले तरी पकडले जातात."

"मग मी बाहेर जाते," ताई म्हणाली, आणि पेनड्राइव्ह घेऊन खरंच हॉलच्या बाहेर, जिना चढून पहिल्या मजल्यापर्यंत गेली. जिन्यातून तिने विचारलं, "आता किती?"

"पाचशे बावीस," अख्ख्या हॉलने उत्तर दिलं.

त्यानंतर हॉलमध्ये जे हसू फुटलं त्यात कोट, पेनं आणि तीनही काळ वाहून गेले. मी पुढे झालो. शाळेतली सवय, फळा दिसला की बोलावंसं वाटतं. मी सांगितलं की हा आकडा व्हायरस मोजत नाही, नुसता वेळेबरोबर वाढतो. समोर काही नसलं तरी चढत राहतो आणि हजाराच्या वर गेला की थांबतो, कारण शंभरला माणूस घाबरत नाही आणि लाखावर विश्वास ठेवत नाही. त्रिकालरक्षक आत शिरताच यंत्रातला खरा पहारेकरी बाजूला होतो, मग लाल खूण येते, आणि त्या खुणेवर वर्गणी गोळा होते. आणि हेही सांगितलं की या सगळ्याला मी स्वतः वर्गणी भरली आहे, विज्ञानाचा शिक्षक असून.

ताई परत आली होती. तिला हसण्यात रस नव्हता. ती सरळ डॉक्टरपाशी गेली.

"यांच्या नक्ष्या विलगीकरणात आहेत. सोडा त्यांना."

"त्यांना लागण..."

"लागण कशाची? नाव सांगा. मी चौतीस वर्षं चार्ट लिहिलेत, आजाराच्या नावाशिवाय कुणाला कोंडलेलं नाही."

डॉक्टर खिशातली पेनं चाचपू लागला. अध्यक्ष, ज्यांनी त्याला बोलावलं होतं, ते आता त्याच्यावर सगळ्यांत जास्त चिडले होते. दोघांनी मिळून काकूंचा कॉम्प्युटर खाली आणला. डॉक्टरने कोट काढला, चार ठिकाणी दाबलं आणि नक्ष्या एकेक करून परत येऊ लागल्या. ओळखीचा प्रकार दिसला नाही म्हणून त्रिकालरक्षकाने त्या नुसत्या एका बाजूला लोटल्या होत्या. काकूंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मध्येच दोनदा थांबल्या, आणि शेवटी पदराने नव्हे, हातानेच डोळे पुसून म्हणाल्या, "आहेत सगळ्या. मला वाटत होतं मीच काहीतरी केलं."

दोन खुर्च्या पलीकडे गेलेल्या बाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

वर्गण्या परत मिळाल्या का? अर्ध्याअधिक मिळाल्या, बाकीच्यांसाठी तक्रार दिली आहे. डॉक्टर चार गल्ल्या पलीकडे दुसऱ्या नावाने सभा घेतो असं ऐकतो. आता कोट निळा आहे. आमच्याच इमारतीतले एक आजोबा अजून म्हणतात, "ते काही असो, माणूस बोलायचा छान." सभा संपल्यावर तर दहाजणांनी ताईला गराडा घालून विचारलं, "मग आता आम्ही कुठलं विकत घ्यायचं?"

"काहीच नाही," ताई म्हणाली. "यंत्रात आहे तोच पहारा परत चालू करा. अपडेट मागितलं की द्या, उद्यावर ढकलू नका. न मागता आलेली फाइल उघडू नका. पासवर्ड फोनवर कुणाला सांगू नका, तिथे कुठलंच कवच चालत नाही. आणि जे गमावणं परवडणार नाही त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा."

"एवढंच?" विचारणाऱ्याचा चेहरा पडला.

सोमवारी मी नववीच्या वर्गात ही सगळी हकिकत सांगितली. एका मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला का नाही कळलं?" मी म्हणालो, "मी तपासलं नाही, म्हणून." याहून बरं उत्तर माझ्याकडे नाही.

म्हणून वाचकहो, एक विनंती. पैसे देऊन घ्यायची चांगली संरक्षणंही असतात. मोठ्या कचेऱ्यांना, जास्तीची सोय हवी असणाऱ्यांना ती लागतात, आणि ती घेणारा काही मूर्ख नसतो. पण घरी पत्रं लिहिणाऱ्या, फोटो ठेवणाऱ्या, नक्ष्या काढणाऱ्या माणसाला बहुधा यंत्रात आधीच असलेला पहारा पुरतो. काय घेतो आहोत, का घेतो आहोत आणि त्याशिवाय काय अडेल, हे तीन प्रश्न शांतपणे विचारा. समोरचा उत्तराऐवजी घाई करू लागला, तर घरी जा. भीती कमी झाल्यावरही ती वस्तू हवीशी वाटली, तर मग घ्या.