पिंजऱ्याचं कुलूप

प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणाऱ्या ताईंच्या मते जाड तो चोरून खाणारच. जाड्या धाकट्या बहिणीपायी घरातल्या खाऊच्या कपाटाला त्यांनी वीस वर्षं कुलूप ठेवलं होतं. बहीण चोरून खात नसल्याच्या शपथा घ्यायची आणि ताई नाक मुरडायच्या.

इथे दोन सख्खे भाऊ उंदीर होते, एक काटकुळा आणि एक गोलमटोल. दोघांना तोलून सारखंच खाणं मिळायचं, तरी गोलमटोल फुगतच चालला होता. कुणीतरी लाडानं चारतंय, म्हणून ताईंनी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना फैलावर घेतलं आणि घरच्या कपाटाचं कुलूप आणून पिंजऱ्याला ठोकलं. पंधरा दिवसांनी वजन केलं, तर स्वारी आणखी वाढलेली.

"त्याचा एक जीन जन्मापासून बिघडलेला आहे," संशोधक बाई म्हणाल्या. "त्याचं शरीर खर्च कमी करतं आणि साठवतं जास्त. त्यात त्याचा काय दोष?"

घरी येताच ताईंनी कपाट उघडलं. तिथे पंधरा दिवस कुलूप नव्हतं, तरी बिस्किटांचा डबा काठोकाठ भरलेला होता.

"मोजून घे, ताई," बहीण मागून शांतपणे म्हणाली.