डाव्या हाताने दिलेला रंग

सासऱ्यांनी निवृत्तीनंतर ती जुनी, दोन दारांची गाडी टेम्पोवर लादून घरी आणली, तेव्हा सासूबाईंनी दारातूनच विचारलं होतं, "ही आपल्याला फिरवणार, की आपण हिला?"

सासरे तसेही मितभाषी. सारा जन्म त्यांनी कचेरीत बसून इमारतींचे नकाशे काढले होते. जे सांगायचं ते कागदावर रेघ ओढून सांगायची सवय. त्यांनी गॅरेजमध्ये मुक्कामच ठोकला आणि एकेक स्क्रू काढत गाडी खोलायला घेतली. दारं, दिवे, बंपर, बिजागऱ्या, सगळं उतरवून भिंतीच्या फळ्यांवर मांडलं. मधोमध नुसता सांगाडा उरला, आणि नेमका तेव्हा त्यांना अर्धांगवायूचा झटका आला.

जीव वाचला. काठीच्या आधाराने चालणंही जमू लागलं. पण उजवा हात लुळा पडला आणि शब्द दगा देऊ लागले. मनात एक असायचं, तोंडातून भलतंच यायचं. पाणी हवं असलं की "खिडकी" म्हणायचे. आपण चुकलो हे त्यांना लगेच कळायचं, हे जास्त वाईट. मग ओठ घट्ट मिटून बसायचे.

सुनेचं आणि त्यांचं कधी वाजलं नव्हतं, पण सूतही जुळलं नव्हतं. ती घरीच केक करून विकायची. ते टेबलाच्या टोकाला पेपर वाचत बसायचे. "चहा ठेवू, बाबा?" "ठेव." लग्नाला इतकी वर्षं होऊनही बोलणं यापुढे सरकलं नव्हतं.

एका रविवारी नवरा म्हणाला, "ते गॅरेज रिकामं करू या. बाबा दिवसभर तिकडेच बघत बसतात. मला बघवत नाही. भंगारवाल्याला बोलावतो."

"त्यांना विचारलंस?"

"विचारून काय करू? सांगणार कसे ते?"

नवऱ्याच्या बोलण्यात कळवळा होता, हे तिला दिसत होतं. तरी ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी पोती घेऊन ती गॅरेजमध्ये गेली. फळीवरचं गंजलेलं एक कडं उचललं, तर मागे काठीचा आवाज. सासरे दारात उभे होते.

"बाबा, हे कशाचं?" तिने सहज विचारलं.

ते बराच वेळ शब्द धुंडाळत राहिले. "टोपी," म्हणाले, आणि कपाळावर आठी पडली.

"टोपी. बरं, कोणाची टोपी?"

त्यांनी डावा हात उचलून स्वतःच्या डोळ्याभोवती बोट गोल फिरवलं.

"पुढच्या दिव्याचं कडं!"

सासऱ्यांनी मान डोलावली. मग काठीने फळीवरची दुसरी वस्तू दाखवली. तिने तीही उचलली. दुपार तशीच गेली आणि पोती घडी घातलेलीच राहिली.

रात्रीच्या जेवणाला तिने सांगून टाकलं, "भंगारवाला नको. मी आणि बाबा मिळून गाडी करतो."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "तू? तुला गाडीतलं काय कळतं?"

"काही नाही. पण रंग मारता येतो. केकवर रोज छोट्या गनने फवारते की."

"केक बिघडला तर आपण खातो," सासूबाई म्हणाल्या. "मडगार्ड कोण खाणार?"

हसू आवरायला सासऱ्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

सकाळी केक, दुपारी गाडी, असं ठरून गेलं. आधी नुसतं घासणं. गंज, त्याखाली जुना रंग, त्याखाली आणखी जुना, आणि शेवटी उघडा पत्रा. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की पुन्हा पॉलिश पेपरने घासायची. हाताला सपाट लागलं की ती म्हणायची, "झालं." सासरे डोळे मिटून डावा तळवा त्यावरून फिरवायचे आणि एका जागी थांबून म्हणायचे, "डोंगर." तिथे खरंच नखाएवढा उंचवटा असायचा. हळूहळू तिला त्यांची भाषा कळू लागली. वायसर म्हणजे "बिस्कीट", पाना म्हणजे "चमचा". स्क्रूला मात्र ते रोज नव्या नावाने हाक मारायचे. त्याला तिचाही इलाज नव्हता.

प्रायमर वाळला तेव्हा सगळे भाग करड्या रंगाचे, एकाच आईची लेकरं असावीत तसे तारेवर टांगलेले होते. धूळ उडू नये म्हणून तिने जमिनीवर पाणी शिंपडलं. सासऱ्यांनी आणून ठेवलेली मोठी स्प्रे गन कपाटातून बाहेर काढली. गडद निळा रंग थिनर घालून कालवला आणि पहिल्या मडगार्डवर, केकवर धरते तशी, अगदी जवळ गन धरली.

रंग चकाकला, झकास दिसला आणि बघता बघता ओघळू लागला. एक ओघळ, मग दुसरा, मग सगळं मडगार्ड रडवेलं. ती तोंडावरचा मास्क काढून बघतच राहिली. मागून आवाज आला. सासरे हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच पोट धरून हसत होते.

"हसा, हसा," ती म्हणाली, "पुन्हा घासायचं मलाच आहे."

हसणं ओसरल्यावर त्यांनी डावा हात पुढे केला. गन हवी होती. ती क्षणभर घुटमळली. त्या हाताने त्यांना धड शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. तिने गन दिली आणि डॅशबोर्डचा पत्रा समोर टांगला. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, पाय रोवले, आणि हवेतच दोन-तीनदा हात आडवा फिरवून पाहिला. मनगट न हलवता, खांद्यातून. मग चाप ओढला. पत्र्याच्या अलीकडे सुरुवात, पलीकडे शेवट. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. रेघ सरळ जात होती.

शेवटी एक चिलट कुठूनसं येऊन ओल्या रंगात बसलं. ती काढायला धावली, तसं त्यांनी तिला कोपराने अडवलं. राहू दे, वाळू दे, मग घासू, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

त्यानंतर बारीक कामं तिची, लांब रुंद कामं त्यांची, अशी वाटणी आपोआप झाली.

जोडणी सुरू झाली तेव्हा दोघांना वाटलं, आता काय, उताराचा सोपा रस्ता. डावं दार बसलं. उजवं बसेना. बिजागऱ्या आवळल्या की दार वर कुलपाशी अडायचं आणि खाली बोट जाईल एवढी फट राहायची. नव्या रंगाची कड खरचटेल म्हणून तिचा जीव खालीवर होत होता.

"पान," सासरे म्हणाले. "पान... पान!"

"कुठलं पान? पेपरचं?"

"नाही! पान!" त्यांनी काठी जमिनीवर आपटली. मग काठीनेच दाराकडे ढकलल्यासारखं केलं. ती दोन्ही हातांनी दाराचा भार पेलत होती, पाठीत कळ येत होती.

"मला नाही कळत तुम्हाला काय म्हणायचंय!" ती ओरडली. "खरंच नाही कळत!"

सासरे वळले आणि घरात निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. तिने एकटीने दाराशी झटापट करून पाहिली. दार काही तिचं ऐकेना, आणि एकटीला तिथे करमेनाही.

शेवटी ती बिजागरी हातात घेऊन त्यांच्या खोलीत गेली. "बाबा, चिडले मी. मी ओरडायला नको होतं." मग जरा थांबून म्हणाली, "पण तुम्हीही काठी आपटलीत."

त्यांनी मान खाली घालून कबुली दिली. पेपराजवळची पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि त्याच्या कोऱ्या कडेवर टेकवली. झटक्यानंतर त्यांनी काही काढलं नव्हतं. काढायचा प्रयत्नही केला नव्हता. लहान मुलाच्या हातच्या वाटाव्यात अशा वाकड्यातिकड्या रेघा उमटल्या. पण बिजागरी ओळखू आली, दाराचा खांब ओळखू आला, आणि दोन्हींच्या मध्ये त्यांनी एकावर एक बारीक रेघा मारल्या.

"पातळ पट्ट्या!" ती म्हणाली. "बिजागरीच्या मागे पट्ट्या घालायच्या! पान म्हणजे पत्र्याची पट्टी! फळीवर तर तसं काही नाही. मग त्या गेल्या कुठे?"

दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी पदराशी चाळा सुरू केला. "चौकोनी, भोकं पाडलेल्या, त्या का गं?"

"आई?"

"माझं शिलाई मशीन डुगडुगत होतं. फळीवर नुसत्याच पडल्या होत्या त्या. मला वाटलं, कचरा."

सासऱ्यांनी बायकोकडे असं पाहिलं, की त्याला शब्दांची गरजच नव्हती. सासूबाई मुकाट्याने खाली बसल्या आणि मशीनच्या पायाखालून पट्ट्या काढू लागल्या.

त्या दुपारी नवरा लवकर घरी आला होता. त्याने दार पेललं, तिने पट्ट्या सरकवल्या, सासऱ्यांनी डोळा लावून फट पाहिली. एक पट्टी कमी, मग खाली एक जास्त. दार लोटलं, तर ठप् करून बसलं. नवऱ्याने ते पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं. मग वडिलांकडे बघून म्हणाला, "बाबा, मी हे सगळं भंगारात घालणार होतो." सासऱ्यांनी डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

इंजिन ओळखीच्या मेकॅनिकने येऊन बसवलं. पहिल्या फेरीला गाडी सुनेने चालवली, सासरे शेजारी, मायलेक मागे अंग चोरून. गाडी कोपऱ्यावर एकदा बंद पडली, मागून हॉर्न वाजले, तिचे कान तापले. दुसऱ्यांदा किल्ली फिरवली तेव्हा सुरू झाली, आणि तलावाला वळसा घालून सगळे सुखरूप परतले.

शेजारी कौतुक करून गेले, घरचे आत गेले. ती गॅरेज झाडू लागली. फळ्या रिकाम्या दिसत होत्या आणि तिला उगीचच चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. सासरे मात्र गाडीभोवती फिरत होते. मागे जाऊन त्यांनी डिकी उघडली, झाकणाच्या आतल्या बाजूवर तळवा फिरवला आणि तिला जवळ बोलावलं. आतून रंग खडबडीत होता. घाईत कोणाचंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

"बाबा, हे कोण बघणार आहे?"

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग तिच्याकडे दाखवलं.

तिने झाडू कोपऱ्यात ठेवला, पॉलिश पेपर पाण्यात भिजत घातला आणि दोघांसाठी चहा टाकायला आत गेली.